'लिटरली' म्हणजे नक्की काय हो? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सबटायटल्सचं काम करते, म्हणजे इंग्रजी सिरीजमधले संवाद मराठीत आणायचे. दिवसभरात 'लिटरली' हा शब्द इतक्या वेळा समोर येतो की आता स्वप्नात पण येईल. त्यात घरातले, सोसायटीतले, व्हॉट्सॲपवरचे सगळे हेच विचारतात, कुणी चिडून, कुणी खरंच कळत नाही म्हणून. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवणार.

लिटरली म्हणजे काय? पटकन सांगा.

मूळ अर्थ 'शब्दाला धरून, जसंच्या तसं'. लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर, त्यावरून हा आला, म्हणजे अक्षरन् अक्षर जे लिहिलंय तेच, आपल्या मनानं काही जोडायचं नाही. 'ह्याचं लिटरल भाषांतर कर' म्हणतात ना, तो हा अर्थ. त्याच्यावरून दुसरा अर्थ निघाला, 'खरंच सांगतेय, फेकत नाहीये', जसं की 'देअर वेअर लिटरली थ्री पीपल इन द थिएटर', म्हणजे मोजून तीनच डोकी होती, उगाच म्हणत नाहीये. आणि तिसरा, ज्याच्यावरून सगळी भांडणं, तो म्हणजे नुसता जोर द्यायला. काही खरं-बिरं नसतं, वाक्याला फोडणी म्हणून टाकायचा.

माझी मुलगी म्हणते 'आय लिटरली डाइड'. अहो मेली कुठे, समोर बसून वडापाव खातेय!

हा तिसरा प्रकार. तिला म्हणायचंय की इतकं हसले किंवा इतकी लाज वाटली की विचारू नका. आता तुम्ही पण आठवून बघा, 'हसून हसून मेले', 'उकाड्यानं जीव गेला', 'भुकेनं मरतोय, ताट वाढ', हे आपण रोज म्हणतो आणि कुणी ॲम्ब्युलन्स बोलवत नाही. तिनं त्याच्या पुढे 'लिटरली' लावला इतकंच. तुम्हाला खटकतं ते मरण नाही, तो शब्द खटकतो, कारण तो शब्द शपथ घेऊन सांगतो की हे खरं आहे आणि पुढे सरळसरळ खोटं येतं.

मग ह्याचा अर्थ आता 'फिगरेटिव्हली', म्हणजे एकदम उलटा झाला का?

हे सगळीकडे फिरतं आणि मला नाही पटत. करून बघा. 'आय लिटरली डाइड' मधला लिटरली काढा आणि तिथे फिगरेटिव्हली घाला. 'मी लाक्षणिक अर्थानं मेले.' कोण बोलतं असं? बोलणाऱ्याला 'हे रूपक आहे बरं का' असं सांगायचंच नसतं, त्याला ते रूपक अजून जोरात आपटायचं असतं. रूपक 'मेले' ह्या शब्दात आधीच आहे, लिटरली फक्त त्याचा आवाज वाढवतो. म्हणजे अर्थ उलटा झालेला नाही, अर्थ पातळ झालाय असं म्हणा हवं तर.

डिक्शनरीवाल्यांनी हे मान्य केलंय असं ऐकलं. खरं का?

हो, पण 'मान्य' हा शब्द जरा चुकीचा आहे. डिक्शनरी म्हणजे काही शाळेचे हेडमास्तर नाहीत की पास-नापास करतील, लोक जसं बोलतात तसं ते नोंदवतात. ऑक्सफर्डनं हा जोर देण्याचा अर्थ २०११ मध्ये नोंदवला आणि दोन वर्षं कुणाचं लक्षच नव्हतं. ऑगस्ट २०१३ मध्ये कुणाच्या तरी नजरेला पडला आणि मग नेटवर असा गदारोळ की जणू इंग्रजी भाषा वारली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीत हा अर्थ १९०९ पासून आहे. आणि बरोब्बर त्याच वर्षी, १९०९ ला, अँब्रोस बिअर्स नावाच्या तिरकस अमेरिकन लेखकानं चुकीच्या शब्दांची एक काळी यादी छापली त्यात हा पण होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अतिशयोक्ती करणं वाईटच, पण वर ती खरी आहे अशी ग्वाही देणं म्हणजे सहनच होत नाही. म्हणजे एकाच वर्षी एकानं नोंद केली आणि दुसऱ्यानं बंदी घातली, तेव्हापासून भांडण तिथेच आहे, एक इंच पुढे नाही.

पण हे इन्स्टाग्रामवाल्या पोरांनीच सुरू केलं ना?

नाही हो. ऑक्सफर्डवाल्यांकडे ह्या वापराचा जो जुना दाखला आहे तो १७६९ सालचा, फ्रान्सेस ब्रुक ह्या बाईंच्या कादंबरीतला. १७६९! आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. नंतर मार्क ट्वेननं १८७६ मध्ये टॉम सॉयर लिहिलं, त्यात टॉम मित्रांकडून कुंपण रंगवून घेतो आणि बदल्यात त्यांच्याचकडून गोट्या-बिट्या असल्या वस्तू उकळतो, आणि ट्वेन लिहितो की सकाळचा गरीब टॉम दुपारपर्यंत 'लिटरली' श्रीमंतीत लोळत होता. लोळत बिळत काही नव्हता. तेव्हा पोरांना शिव्या घालायच्या असतील तर मोबाईलवरून घाला, अभ्यासावरून घाला, ह्या शब्दावरून नको. पोरांनी एकच केलं, ते दर दोन वाक्यांना वापरायला लागले, आणि तो त्रास मात्र खरा आहे, माझ्या भाच्याशी फोनवर बोलून ठेवला की कानात नुसतं लिट्रली लिट्रली वाजत राहतं.

'खरं' म्हणणारा शब्द नुसता जोर द्यायला कसा काय वापरला जातो?

हे एकदम नेहमीचं आहे. इंग्रजीतला 'व्हेरी' घ्या, तो जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ 'खरा' असाच होता. आज 'व्हेरी हॉट' म्हणताना कुणाच्या मनात सत्य येतं का? 'रिअली'चं तेच, 'ट्रूली'चं तेच. आपलं 'खरोखर' काय वेगळं करतं? 'खरोखर कमाल आहे तुझी', इथे कोणी खरं-खोटं तपासत नाहीये. माणसाला जोर द्यायचा झाला की तो आधी शपथेकडे जातो, आईशप्पथ, देवाशप्पथ, आणि शपथ पुन्हा पुन्हा घेतली की तिची किंमत उतरते, मग नवीन शपथ शोधायची.

दुसरा रस्ता भीतीचा. इंग्रजीत 'टेरिबली' आणि 'ऑफुली' मध्ये मूळची भीती आहे, आणि आपण 'भयंकर गोड बाळ आहे' म्हणतो! भय निर्माण करणारं गोड. 'भयानक आवडलं', 'जबरदस्त झालीये भाजी', ज्या जबरदस्तवरून जबरदस्ती येते तोच. कुणालाच काही वाटत नाही.

आणि एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ असले तर गोंधळ होईल असं म्हणणाऱ्यांना मी फक्त 'परवा' हा शब्द दाखवते. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि परवा म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. 'परवा आले होते', 'परवा येणार आहेत'. क्रियापद सांगतं की मागचा का पुढचा, आणि आजपर्यंत कुणाचं लग्न ह्यामुळे चुकलेलं नाही.

मराठीत ह्याला काय म्हणायचं?

हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न, त्यामुळे जरा लांबेल.

डिक्शनरी उघडली की पहिला शब्द 'अक्षरशः', आणि खरी गोष्ट इथे आहे. अक्षर अधिक शः, म्हणजे अक्षर-अक्षर धरून, म्हणजे लिटरलीची हुबेहूब घडण, तिकडे लिटेरा इकडे अक्षर. आणि पुढे त्याचं झालं पण अगदी तेच! 'मी अक्षरशः रडकुंडीला आले', 'रस्त्यांना अक्षरशः नद्यांचं स्वरूप आलं', 'बाजारात अक्षरशः मुंगी शिरायला जागा नव्हती'. कुठलं अक्षर? मुंगीला जागा होतीच की. दर पावसाळ्यात हे पेपरात छापून येतं आणि मराठीचे शिक्षक ते वाचून मान डोलावतात, आणि तेच शिक्षक मुलीच्या लिटरलीवर खवळतात. आपण हे इतकं आधी करून बसलोय की आपल्याला दिसतच नाही. बाजूला 'शब्दशः' मात्र सरळमार्गी राहिला बघा, 'शब्दशः अर्थ', 'शब्दशः भाषांतर', त्याला कुणी रडकुंडीला नेलं नाही. दोघं एकाच घरातले, एक बिघडला एक नाही, का ते देव जाणे. (शःवाले तसे सगळे थोडे अतीच करतात, 'शतशः आभार' म्हणताना कोण शंभर मोजतं.)

पण सबटायटलमध्ये प्रत्येक लिटरलीला अक्षरशः टाकलं तर वाट लागते. एकदा मशीनकडून आलेली फाइल तपासायला मिळाली होती, त्यात कॉलेजमधली पोरगी मैत्रिणीला म्हणते, 'मी अक्षरशः मृत आहे.' विनोदी सिरीज होती, भुताची झाली. तोंडी मराठीत अक्षरशः तसा कमीच येतो, तो जास्त लिहिण्यातला आणि भाषणातला. बोलताना आपण दुसऱ्याच गोष्टी करतो.

जसं की आश्चर्य असेल तर 'चक्क'. 'ही लिटरली प्रपोज्ड टू मी' म्हणजे 'त्यानं चक्क मला मागणी घातली'. ह्याच्याहून चांगला शब्द नाही, मी चक्कची फॅन आहे. कागदावर काही लिहिलेलं असेल तर 'स्पष्ट' किंवा 'सरळसरळ', 'इट लिटरली सेज नो पार्किंग' म्हणजे 'अहो स्पष्ट लिहिलंय ना'. 'लिटरली एव्हरीवन' असेल तर 'झाडून सगळे'. 'लिटरली नथिंग' असेल तर 'काही म्हणजे काहीच नाही', हे 'म्हणजे' घालून शब्द परत म्हणायची आपली लकब इतकी भारी आहे की इंग्रजीला ती जमणारच नाही, कोणी म्हणजे कोणीच, कधी म्हणजे कधीच.

आणि सगळ्यात जास्त वेळा तर वेगळा शब्दच लागत नाही, 'च' आणि 'तर' वर भागतं. 'आय लिटरली जस्ट गॉट हिअर', ह्याला 'मी अक्षरशः नुकतीच इथे पोहोचले' असं लिहिणाऱ्याला पैसे देऊ नयेत. 'आत्ताच तर आले!' संपलं. 'शी लिटरली लिव्ज नेक्स्ट डोअर', 'शेजारीच तर राहते ती'. तो एवढासा च किती वजन उचलतो, आणि सबटायटलमध्ये जागा कमी असते त्यामुळे माझं पण भलं होतं.

गोव्यात माझ्या एका मैत्रिणीकडे कोंकणीत 'सामकें' म्हणतात, सामकें बरें, म्हणजे अगदी छान, एकदम छान. तो शब्द मला मराठीत उसना हवाय.

मराठी बोलता बोलता लिटरली टाकायचा तर कुठे टाकायचा?

ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी. 'मी लिटरली पळत आले' म्हणजे पळण्यावर जोर. 'लिटरली मी एकटीच होते' म्हणजे एकटेपणावर. 'त्याला लिटरली दहा वेळा सांगितलं' म्हणजे दहावर, आणि इथे खरंच दहा वेळा का असं विचारू नये, तीन वेळा सांगितलेलं असतं. अजून एक प्रकार आलाय, समोरचा काही बोलला की नुसतंच 'लिट्रली!' म्हणायचं. त्याचा अर्थ 'हो ना!', 'अगदी!', 'माझ्या मनातलं बोललास'. इथे त्याला काही अर्थच नाही, ती मान डोलावणं आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या म्हणजे आमचं 'तर काय!'. बरोब्बर तेच.

मराठीत जोर द्यायला शब्द नाहीत म्हणून इंग्रजी लागतं का?

कोण म्हणालं? आपल्याकडे तर प्रत्येक रंगाला चवीला वेगळा जोर आहे. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, आंबटढाण, गोडमिट्ट, थंडगार. ह्यातला भडक हिरव्याला लावा बघू, नाही लागत. ठार वेडा असतो पण ठार शहाणा नसतो, धडधडीत खोटं असतं पण धडधडीत खरं म्हटलं की विचित्र वाटतं. वर लय, लई, जाम, पार, प्रचंड, तुफान, भलताच, नुसता. कोल्हापूरकडच्या माणसानं 'लईईई भारी' म्हटलं की त्यातल्या ई ची लांबी मोजून किती भारी ते कळतं. तेव्हा शब्द कमी नाहीत. पोरं लिटरली वापरतात ते शब्द कमी पडतो म्हणून नाही, त्यांच्या ग्रुपमधले सगळे तसं बोलतात म्हणून, आपण पण कॉलेजात 'जाम' म्हणायचो आणि घरचे ओरडायचे.

कुठे वापरू नये?

जिथे समोरच्याला तुमचं वाक्य जसंच्या तसं धरायचंय तिथे. डॉक्टर पहिला. 'छाती लिटरली फुटतेय' म्हणू नका, त्याला कळू दे की कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, एक जिना चढल्यावर दम लागतो का बसल्या जागी लागतो. पोलिसात तक्रार देताना, इन्शुरन्सच्या फॉर्मवर, भाडेकराराच्या भांडणात पण नको. 'त्यानं मला लिटरली मारलं' ह्याचा तिथे एकच अर्थ होतो. ऑफिसच्या मेलमध्ये जोर द्यायला वापरला तर कोणी फाशी देणार नाही, पण साहेब पन्नाशीचे असतील तर टाळा, त्यांना तो शब्द दिसला की मेलमधलं बाकी काही दिसत नाही. इंग्रजीच्या परीक्षेत निबंधात टाळाच, तिथे तो फक्त 'शब्दशः' ह्या अर्थानं शोभतो.

अक्षरशःला पण हेच नियम लावा, तो संस्कृत दिसतो म्हणून सुटका नाही.

मग जेव्हा खरंच, खरोखरच लिटरल असेल तेव्हा काय करायचं?

हा एक मुद्दा मला चिडणाऱ्यांचा पटतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. लोक गळ्याएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले. आता 'लोक अक्षरशः गळ्याएवढ्या पाण्यातून गेले' असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, असेल कंबरेएवढं, पत्रकार वाढवून सांगतात. दर वर्षी घोटाभर पाण्याला अक्षरशः नदी म्हणून ठेवलं की खऱ्या नदीच्या दिवशी शब्द उरत नाही. त्यावर उपाय एकच सापडलाय मला, तो शब्दच टाकायचा नाही, आकडा टाकायचा. ९४४ मिलीमीटर. गळ्यापर्यंत, आणि बॅग डोक्यावर. असं सांगितलं की कुणी विचारत नाही खरंच का म्हणून.

बोलताना असेल तर 'अतिशयोक्ती नाही करत', 'वाढवून सांगत नाहीये हं', 'मोजून' किंवा 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं', ह्यातलं काहीतरी. 'मोजून तीन माणसं' फार छान आहे, त्यात मोजलंय हे पण आलं. हे शब्द पण कधीतरी झिजतीलच म्हणा, तोपर्यंत वापरून घ्या.

ॲक्च्युअली, बेसिकली, सीरियसली, हे पण तसलेच का?

भावंडं आहेत पण कामं वेगळी. ॲक्च्युअली म्हणजे बहुतेक वेळा 'खरं तर', किंवा नुसतंच वाक्य सुरू करायच्या आधीचा खोकला. बेसिकली हा इंटरव्ह्यूमध्ये 'मी बेसिकली नाशिकचा' इथे ऐकू येतो, तिथे तो 'मूळचा' असतो, बाकी ठिकाणी काहीच नसतो. सीरियसली हा लिटरलीच्या सगळ्यात जवळचा, 'सीरियसली, जाम हसलो' म्हणजे गंभीरपणे हसणं झालं की! त्याच्यावर कुणी भांडत नाही, बिचाऱ्या लिटरलीवरच डोळा.

उच्चार आणि स्पेलिंग?

लिटरली पण चालतं, लिट्रली पण चालतं, इंग्लंडमधले लोक घाईत ट्र करूनच बोलतात, अमेरिकेतले मधल्या ट चा जवळजवळ ड करतात. स्पेलिंगमध्ये टी एकच आणि शेवटी वायच्या आधी एल दोन. लोक टी दोन घालतात, त्याचा लिटर म्हणजे कचरा होतो. दूध मोजायच्या लिटरशी पण काही संबंध नाही, हा प्रश्न मला खरंच आलेला आहे.

कुणी चुकीचा वापरला तर टोकायचं का?

परीक्षेचा पेपर तपासत असाल तर हो. नाहीतर नको. मी एकदा भाच्याला टोकलं, तर तो म्हणाला, मावशी तू आत्ता म्हणालीस ट्रॅफिकमध्ये दोन तास सडलीस, दाखव कुठे सडलीयेस.